निवृत्तीनंतर विद्युत मोटार : खरेदीचे अर्थशास्त्र आणि मालकीचा व्यवहार
(बोळिंज परिसराच्या संदर्भात)

गोषवारा

विद्युत मोटारीची किंमत आरंभी अधिक आणि चालविण्याचा खर्च कमी असतो. नोकरीत असणाऱ्या व रोज दूरचा प्रवास करणाऱ्या व्यक्तीला ही रचना लाभदायक ठरते. निवृत्त व्यक्तीची स्थिती याच्या उलट असते. तिच्याजवळची एकरकमी पुंजी पुन्हा उभी राहणारी नसते आणि तिचा प्रवासही मर्यादित असतो. प्रस्तुत लेखात विरार पश्चिमेकडील बोळिंज परिसर समोर ठेवून खरेदीचे मार्ग, किलोमीटरमागील बचत, गृहसंस्थेतील चार्जिंग, बॅटरीचे आयुष्य आणि कुटुंब निवृत्तिवेतन या घटकांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : विद्युत मोटार, निवृत्तिवेतन, उपदान, गृहनिर्माण संस्था, बॅटरी, वीजदर.

प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापकाच्या आयुष्यात मोठी रक्कम एकदाच हाती येते, आणि ती निवृत्तीच्या वेळी. उपदान, भविष्य निर्वाह निधी, रजा रोखीकरण आणि निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण या मार्गांनी आलेली ही रक्कम पुढील वीस-पंचवीस वर्षांचा आधार असते. याच सुमारास नवी मोटार घ्यावी असा विचार अनेक घरांत सुरू होतो. जुनी गाडी थकलेली असते, गुडघे कुरकुरू लागलेले असतात, लोकलची गर्दी सोसवत नाही. त्यातच ‘विजेची गाडी घ्या, पेट्रोलचा खर्च वाचेल’ असा सल्ला मुलांकडून आणि शेजाऱ्यांकडून मिळतो. हा सल्ला चुकीचा नाही. तथापि तो अपुरा आहे. बचत किती होते हे गाडीवर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ती गाडी वर्षाला किती धावते यावर अवलंबून असते.

भारतीय ग्राहकाला विद्युत मोटार सर्वस्वी नवी नाही. बंगळुरूची ‘रेव्हा’ २००१ मध्ये बाजारात आली. २०१० मध्ये महिंद्राने ती कंपनी ताब्यात घेतली आणि २०१३ मध्ये ‘ई-टू-ओ’ ही मोटार आणली. या गाड्यांचा प्रसार मर्यादितच राहिला. जानेवारी २०२० मध्ये टाटाची ‘नेक्सॉन ईव्ही’, २०२२ मध्ये ‘टियागो ईव्ही’ आणि २०२३ मध्ये एमजीची ‘कॉमेट’ आल्यानंतर मात्र ही वाहने मध्यमवर्गीयांच्या विचारकक्षेत आली.

बोळिंज परिसराची पार्श्वभूमी

बोळिंज हे विरार पश्चिमेकडील जुने गाव २००९ मध्ये स्थापन झालेल्या वसई-विरार शहर महानगरपालिकेत समाविष्ट आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. केळी, पानवेल आणि फुलांच्या वाड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या पश्चिम पट्ट्यात आता दोन प्रकारची वस्ती शेजारी-शेजारी दिसते. एकीकडे स्वतःचे अंगण असलेली वाडीतील घरे आहेत. दुसरीकडे म्हाडाच्या कोकण मंडळाचा विरार-बोळिंज गृहप्रकल्प आणि खासगी विकासकांच्या बहुमजली इमारती आहेत. म्हाडाच्या प्रकल्पातील अनेक सदनिका पाणीटंचाईमुळे दीर्घकाळ विक्रीविना पडून होत्या. सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेमुळे हे चित्र पालटू लागले. मुंबईतील घर मुलांकडे सोपवून किंवा विकून येथे स्थायिक होणाऱ्या निवृत्तांना हा परिसर परवडतो.

विद्युत मोटारीच्या दृष्टीने वस्तीतील हा फरक निर्णायक आहे. वाडीतील घरमालक आपल्या ओटीवरून तार ओढून गाडी चार्ज करू शकतो. तेराव्या मजल्यावरील रहिवाशाचा वीजमापक एका ठिकाणी, वाहनतळाची जागा दुसऱ्या ठिकाणी आणि मधली भिंत संस्थेच्या मालकीची असते.

येथील निवृत्त दांपत्याचा प्रवास साधारण कसा असेल? बाजार, बँक, दवाखाना, विरार स्थानक, अर्नाळ्याचा किनारा असा स्थानिक फेरा दिवसाला ८ किलोमीटर धरला आणि वर्षातील ३०० दिवस मोजले, तर २,४०० किमी होतात. महिन्यातून एकदा मुंबईला जाऊन येण्याचे १२० किमी धरल्यास वर्षाला १,४४० किमी होतात. दोन-तीन लांबच्या सहलींचे १,२०० किमी मिळवले, तर एकूण बेरीज सुमारे ५,००० किमी होते. पुढील विवेचनात हाच आकडा आधारभूत मानला आहे.

किलोमीटरमागील बचतीचे गणित

पुढील आकडे उदाहरणादाखल गृहीत धरलेले आहेत. वाचकाने त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत. पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि शहरात लिटरमागे १४ किमी धरल्यास किलोमीटरचा खर्च सुमारे ७.४ रुपये होतो. विद्युत मोटार एका युनिटमध्ये, चार्जिंगमधील गळती वजा जाता, ७ किमी धावते असे मानू. आता विजेचा दर हा कळीचा घटक ठरतो. समान उपयोगाच्या पेट्रोल व विद्युत मोटारींच्या रस्त्यावर येईपर्यंतच्या किमतींत ३ लाख रुपयांचा फरक धरला आहे.

तक्ता क्र. १ : विजेचा दर आणि बचत

| चार्जिंगचा प्रकार | युनिटचा दर (रु.) | वीजखर्च प्रति किमी (रु.) | बचत प्रति किमी (रु.) | ५,००० किमीवर वार्षिक बचत (रु.) |
|---|---|---|---|---|
| घरी, खालचा टप्पा | १२ | १.७ | ५.७ | २८,५०० |
| घरी, वरचा टप्पा | १७ | २.४ | ५.० | २५,००० |
| सार्वजनिक जलद केंद्र | २४ | ३.४ | ४.० | २०,००० |

आता हीच ३ लाखांची रक्कम गाडीत न घालता ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवली असती तर? एप्रिल २०२३ मध्ये या योजनेचा दर ८.२ टक्के झाला आणि गुंतवणुकीची मर्यादा ३० लाखांवर नेण्यात आली. त्या दराने वर्षाला २४,६०० रुपये व्याज मिळते. म्हणजे घरी स्वस्त विजेवर चार्जिंग करणाऱ्याचा निव्वळ लाभ वर्षाला अवघा ३,९०० रुपये होतो आणि केवळ सार्वजनिक केंद्रावर विसंबणाऱ्याला ४,६०० रुपयांचा तोटा होतो. हे व्याज करपात्र असल्याने करदात्याच्या बाबतीत तुलना विद्युत मोटारीकडे थोडी झुकते, हेही नोंदवले पाहिजे.

केवळ व्याज भरून निघणे पुरेसे नाही, मुद्दलही वसूल झाले पाहिजे. आठ वर्षांत ३ लाख रुपये ८.२ टक्के व्याजासह वसूल व्हायचे असतील, तर वर्षाला सुमारे ५२,६०० रुपयांची बचत लागते. तेलबदल, क्लच इत्यादी खर्च टळल्याने देखभालीत वर्षाला ५,००० रुपये वाचतात असे धरले, तरी ४७,६०० रुपये उरतात. त्यासाठी वरील तीन दरांनी अनुक्रमे सुमारे ८,४००, ९,५०० आणि ११,९०० किमी वार्षिक प्रवास हवा. ढोबळमानाने सांगायचे तर महिन्याला ७००, ८०० आणि १,००० किमी. आपला निवृत्त गृहस्थ महिन्याला सरासरी ४२० किमी फिरतो. रोज नोकरीसाठी ये-जा करून वर्षाला १५,००० किमी चालविणाऱ्याची बचत ८५,५०० रुपयांवर जाते. एकच गाडी एकाला पैसे मिळवून देते आणि दुसऱ्याला देत नाही, त्याचे कारण हे असे आहे. शिवाय आठ वर्षांनंतर दोन्ही गाड्यांना सारखीच पुनर्विक्री किंमत येईल असे येथे गृहीत धरले आहे. जुन्या बॅटरीची गाडी कमी किमतीत गेल्यास आवश्यक अंतर आणखी वाढेल.

तुलना सीएनजी मोटारीशी केल्यास फरक अधिकच आक्रसतो. किलोला ८० रुपये आणि २२ किमी धरल्यास खर्च किलोमीटरला ३.६ रुपये येतो. विद्युत मोटारीची बचत मग १.९ रुपये, म्हणजे ५,००० किमीवर ९,५०० रुपये राहते. सीएनजी मोटार पेट्रोलच्या मोटारीपेक्षा महाग असल्याने किमतीतील फरकही कमी होतो, हे ध्यानात घेऊन ही तुलना करावी.

कर, सवलती आणि त्यांच्या मर्यादा

विद्युत वाहनांवरील वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून १२ वरून ५ टक्के झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल मोटारींवरील कर २८ टक्के अधिक उपकर याऐवजी १८ टक्के झाल्याने दोन्हींमधील किमतीचे अंतर पुन्हा वाढले. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीस ११ टक्के एकरकमी वाहनकर आहे. ८ लाखांच्या गाडीवर तो ८८,००० रुपये होतो. राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणाने विद्युत वाहनांना या करातून माफी दिली आहे. म्हणून तुलना नेहमी दुकानातील किमतींची न करता रस्त्यावर येईपर्यंतच्या एकूण किमतींची करावी. त्याच धोरणातील खरेदी-प्रोत्साहन वाहनांच्या ठरावीक संख्येपुरते आहे. ते प्रत्यक्ष बिलात वजा झालेले दिसेपर्यंत हिशेबात धरू नये.

पथकरमाफीत अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांचा समावेश आहे. बोळिंजकरांच्या नेहमीच्या वापरातील राष्ट्रीय महामार्ग ४८ या तिघांत नाही आणि मुंबईच्या प्रवेशद्वारांवरील पथकर तर ऑक्टोबर २०२४ पासून सर्वच हलक्या वाहनांना माफ झाला. येथील निवृत्ताला या सवलतीचा लाभ त्यामुळे क्वचितच होईल.

आयकराबाबत एक गैरसमज अद्याप आढळतो. विद्युत वाहनाच्या कर्जावरील व्याजाची दीड लाखांपर्यंतची वजावट कलम ८० ईईबी अन्वये होती. परंतु ती १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. आज नवे कर्ज घेणाऱ्यास ती मिळत नाही. केंद्राच्या २०२४ मधील पीएम ई-ड्राइव्ह योजनेतही खासगी मोटारींना अनुदान नाही.

पैसे कसे भरावेत?

एकरकमी भरणा : हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, मात्र त्याने रोख शिल्लक घटते. वैद्यकीय खर्चासाठीची रक्कम वेगळी काढल्यानंतर उरलेल्या पैशांतूनच तो करावा. बचत योजनेतील ठेव मुदतीपूर्वी मोडल्यास एका वर्षानंतर १.५ टक्के व दोन वर्षांनंतर १ टक्का कपात होते. म्हणून गाडीची रक्कम ठेवीत गुंतविण्यापूर्वीच बाजूला ठेवणे श्रेयस्कर.

कर्ज : ८ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १६,६०० रुपये आणि एकूण व्याज १.९६ लाखांच्या घरात जाते. समजा, एका अध्यापकाचे अखेरचे मूळ वेतन १ लाख रुपये आहे. त्याचे मूळ निवृत्तिवेतन ५०,००० रुपये होईल. त्याने ४० टक्के अंशराशीकरण केल्यास दरमहा ३०,००० रुपये आणि पूर्ण मूळ निवृत्तिवेतनावरील महागाई भत्ता हाती येईल. हप्ता त्यातूनच जाणार. त्याच्या पश्चात, आरंभीच्या वाढीव दराचा काळ संपल्यावर, पत्नीला अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे ३०,००० रुपये मूळ कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल. पत्नी वाहन चालवीत नसेल, तर उपयोग नसलेल्या गाडीचा हप्ता ती भरत राहील. म्हणून कर्ज घ्यायचेच असेल तर ते तीन वर्षांपलीकडे नेऊ नये, कर्जास विमासंरक्षण जोडावे आणि निर्णय दोघांनी मिळून करावा. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्या व राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत असलेल्या अध्यापकांनी तर अधिकच सावध राहावे. कारण वार्षिकीतून मिळणारे उत्पन्न महागाईनुसार आपोआप वाढत नाही.

बॅटरीचे भाडे : ऑगस्ट २०२० मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने बॅटरीविना विद्युत वाहनांच्या विक्रीस व नोंदणीस अनुमती दिली. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेली एमजी ‘विंडसर’ आरंभी बॅटरीसह १३.५० लाखांना, तर बॅटरी वगळून ९.९९ लाख अधिक किलोमीटरला ३.५० रुपये अशा दोन पद्धतींनी उपलब्ध होती. कमी फिरणाऱ्यास दुसरी पद्धत आकर्षक वाटते. ५,००० किमीचे भाडे १७,५०० रुपये होते, तर वाचलेल्या ३.५ लाखांवर ८.२ टक्क्यांनी २८,७०० रुपये व्याज मिळते. मात्र करारात किमान मासिक अंतराची अट असल्यास हे गणित कोसळते. उदाहरणार्थ, दरमहा १,५०० किमीचे किमान भाडे द्यावे लागले, तर वर्षाला ६३,००० रुपये जातील. निवृत्ताने या करारात पहिल्यांदा ही एकच ओळ शोधावी.

जुनी विद्युत मोटार : दोन-तीन वर्षे वापरलेल्या गाडीत किमतीची पहिली मोठी घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते. बॅटरीच्या स्थितीचा अधिकृत अहवाल आणि हमी नव्या मालकाकडे हस्तांतरित होते याचा लेखी पुरावा या दोन गोष्टी मिळाल्यास हा पर्याय कमी अंतराच्या वापरास योग्य ठरतो.

चार्जिंग : आधी सोय, मग गाडी

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वाहनमालक आपल्या निवासस्थानी विद्यमान वीजजोडणीवर वाहन चार्ज करू शकतो. महावितरणच्या दररचनेत स्वतःच्या जागेत स्वतःचे वाहन चार्ज करणाऱ्यास त्या जागेचाच, म्हणजे येथे घरगुती वर्गाचा दर लागू होतो. हा दर ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढील अशा टप्प्यांनी चढत जातो. ५,००० किमीसाठी महिन्याला साधारण ६० युनिट लागतात. ज्या घरात १५० युनिट खर्च होतात, ते २१० वर जाऊन त्याच टप्प्यात राहते. वातानुकूलन यंत्रामुळे २८० युनिट वापरणारे घर मात्र ३४० वर जाते आणि वाढीव ६० पैकी ४० युनिटांना वरच्या टप्प्याचा दर पडतो. म्हणून खरेदीपूर्वी मागील बारा महिन्यांची वीजबिले समोर ठेवावीत.

बहुमजली इमारतीत पुढील क्रम पाळणे हिताचे आहे. प्रथम वाहनतळाची जागा आपल्या नावे लेखी असल्याची खात्री करावी. नंतर व्यवस्थापक समितीकडे अर्ज करून तारेचा मार्ग, भूयोजन, संरक्षक स्विच आणि खर्चाची जबाबदारी यांचा ठराव लेखी घ्यावा. मंजूर भार पुरेसा आहे का हे परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून तपासून घ्यावे. २४ किलोवॉट-तासांची बॅटरी सुमारे ३ किलोवॉटने भरण्यास आठ-नऊ तास लागतात. रात्रीच्या झोपेत हे काम होते आणि त्यासाठी महागड्या जलद चार्जरची गरज नसते. संस्थेच्या सामाईक मापकावरून वीज घ्यायची झाल्यास उपमापक बसवावा. अन्यथा वाद अटळ आहे. ज्याला ही परवानगी मिळत नाही त्याने, तक्त्यातील तिसरी ओळ पाहता, विद्युत मोटारीचा विचार तूर्त पुढे ढकलावा.

बॅटरीचे वय आणि मालकाचे वय

बॅटरी वापराने झिजते, तशी ती केवळ काळानेही झिजते. पुष्कळ गाड्यांना बॅटरीची हमी ८ वर्षे किंवा १,६०,००० किमी, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत असते. वर्षाला ५,००० किमी चालविणारा ८ वर्षांत ४०,००० किमी, म्हणजे हमीतील अंतराचा चौथा भाग वापरतो; उरलेल्या तीन भागांचे पैसे दिलेले असूनही ते वाया जातात. जुलै २०२५ मध्ये टाटाने ४५ किलोवॉट-तासांच्या काही मोटारींच्या पहिल्या खासगी मालकांना पंधरा वर्षांपर्यंतची हमी जाहीर केली. कमी फिरणाऱ्यास वर्षांची हमी अंतराच्या हमीहून मोलाची आहे, हे यावरून लक्षात यावे.

याच कारणास्तव निवृत्ताने मोठ्या बॅटरीचा मोह टाळावा. ‘टियागो ईव्ही’ १९.२ आणि २४ किलोवॉट-तास अशा दोन क्षमतांत सादर झाली. २४ किलोवॉट-तासांत प्रत्यक्ष दीडशे ते दोनशे किमी अंतर मिळते. बोळिंज ते दक्षिण मुंबई आणि परत हा प्रवास त्यात बसतो. वर्षातून दोनदा होणाऱ्या लांबच्या सहलीसाठी काही लाख रुपये अधिक मोजण्यापेक्षा त्या दिवसांपुरती गाडी भाड्याने घेणे स्वस्त पडते.

परवान्याचाही विचार हवा. वयाची ५५ वर्षे पूर्ण झालेल्यांना वाहनपरवाना पाच वर्षांसाठीच मिळतो व नूतनीकरणावेळी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. साठाव्या वर्षी घेतलेली गाडी दहा वर्षे वापरायची, तर या काळात किमान दोन नूतनीकरणे येतील. गाडीचे आयुष्य किती, यापेक्षा आपण आणखी किती वर्षे निर्धास्तपणे चालवू, हा हिशेब अधिक खरा आहे.

देखभालीत काही स्थानिक बाबी ध्यानी घ्याव्यात. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत नालासोपारा स्थानकातील रूळ पाण्याखाली जाऊन उपनगरी सेवा विस्कळीत झाली होती. सखल वाहनतळ असलेल्या इमारतीत चार्जिंगचा सॉकेट पुरेशा उंचीवर बसवावा, पावसाळ्यात बॅटरी अगदी तळाला जाऊ देऊ नये आणि साचलेल्या पाण्यात गाडी घालू नये. सर्वंकष विमा घेताना पुराच्या नुकसानीत बॅटरी व चार्जर समाविष्ट आहेत का हे विचारावे. तृतीयपक्ष विम्यात २०२२ च्या अधिसूचनेने विद्युत मोटारींना १५ टक्के सूट दिली. परंतु सर्वंकष विम्याचा हप्ता गाडीच्या मूल्यावर ठरत असल्याने एकूण विमा महाग पडू शकतो. परदेशातील मुलांकडे काही महिने जाणाऱ्यांनी बॅटरी निम्म्याच्या आसपास भरून ठेवावी आणि १२ व्होल्टची लहान बॅटरी उतरू नये याची व्यवस्था उत्पादकाच्या पुस्तिकेनुसार करावी.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. वर्षाला ५,००० किमीच्या आसपास फिरणाऱ्या निवृत्तासाठी विद्युत मोटार ही गुंतवणूक ठरत नाही; घरी चार्जिंग असल्यास ती जेमतेम आपले व्याज भरून काढते.

२. महिन्याला ७०० ते ८०० किमी प्रवास, घरचे चार्जिंग आणि लहान बॅटरी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यास ती आर्थिकदृष्ट्याही समर्थनीय ठरते.

३. कर्जाचा हप्ता निवृत्तिवेतनाशी ताडून पाहणे पुरेसे नाही, तो कुटुंब निवृत्तिवेतनालाही पेलला पाहिजे.

४. चार्जिंगची लेखी परवानगी गाडीच्या नोंदणीपूर्वी मिळविली पाहिजे.

या निष्कर्षांचा अर्थ निवृत्तांनी विद्युत मोटार घेऊ नये असा नाही. गिअर बदलण्याचा ताण नाही, पंपावरील रांग नाही, आवाज व धूर नाही. उतारवयात या सोयींचे मोल रुपयांत मांडता येत नाही. रात्री-अपरात्री दवाखान्यात जाण्यासाठी दारात स्वतःचे वाहन असणे हीसुद्धा एक सुरक्षितता आहे. ज्याला हे सुख हवे आणि परवडते, त्याने ते सुख म्हणून, त्याची किंमत ठाऊक असताना घ्यावे. ‘पेट्रोल वाचेल’ या एकाच भरवशावर आयुष्यभराच्या पुंजीतला मोठा वाटा मोकळा करणाऱ्याने मात्र सही करण्यापूर्वी आपल्या जुन्या गाडीचा किलोमीटर-मापक आणि वर्षभराची वीजबिले एकदा पाहावीत. निर्णयाला लागणारे बहुतेक आकडे त्या दोन ठिकाणी मिळतील.